सल्फेट-फ्री बाटली आणि मावशींचे हात

आमच्या पीजीच्या एका खोलीत आम्ही तिघी राहतो आणि बाथरूमच्या खिडकीत अकरा बाटल्या राहतात. गेल्या महिन्यात बारावी आली. २०० मिली, ६४९ रुपये, समोर ठळक अक्षरांत 'सल्फेट-फ्री'. रूममेट ती इतक्या कौतुकाने घेऊन आली की मला वाटलं मांजराचं पिल्लू आणलंय.

रविवारी तिने नेहमीसारखं डोक्यावर तेल थापलं (आईचा फोनवरून हुकूम असतो, तो मोडायची आमच्या खोलीत कोणाची टाप नाही) आणि तासाभराने नव्या शाम्पूने डोकं धुतलं. केस चिकटच. परत धुतलं. कानामागे तेल तसंच. तिसऱ्यांदा धुऊन, टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि म्हणाली, "माइल्ड आहे ना, म्हणून वेळ लागतो." एका वेळी साधारण दहा मिली धरले तर तीन वेळचे तीस. म्हणजे एका न्हाण्याचे ९७ रुपये. आमच्या मेसमध्ये एवढ्यात एक वेळचं जेवण होतं, वर ताकही मिळतं.

तेवढ्यात आमच्याकडे भांडी आणि बाथरूम करणाऱ्या मावशी आल्या. खिडकी पुसताना त्यांनी ती बाटली उचलली. "ही कसली गं, एवढी सांभाळून ठेवलेली?" रूममेट म्हणाली, "यात ते वाईट केमिकल नाही मावशी. सल्फेट. त्याने कातडी खराब होते." मावशींनी बाटली जागेवर ठेवली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "मग माझ्या हातांना चालंल का ही?"

आम्ही दोघी हसलो. मग त्यांच्या हातांकडे पाहिलं, खरं सांगायचं तर पहिल्यांदाच नीट पाहिलं. पेरांवर चिरा, अंगठ्याजवळची कातडी जाड होऊन फाटलेली, नखांच्या कडा लाल. मी केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खोलीतल्या सगळ्या 'हे लावू का गं?' प्रश्नांची उत्तरं मीच देते. या प्रश्नाचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही.

आधी त्या 'वाईट केमिकल'चं बघू. शाम्पू, फेसवॉश, बॉडीवॉश, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, या सगळ्यांत राबणारा गडी एकाच जातीचा असतो: सरफॅक्टंट. शाळेत साबणाच्या रेणूचं चित्र काढलेलं आठवतंय? गोल डोकं आणि लांब शेपूट, बेडकाच्या पिल्लासारखं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. बरेच रेणू एकत्र आले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा गोळा करतात, तेलाचा कण त्या गोळ्यात पकडतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. या गोळ्याला मिसेल म्हणतात. ड्रेसिंग टेबलवरच्या 'मिसेलर वॉटर'चं नाव इथूनच आलं. म्हणजे ज्या बाटलीला आपण 'साबण नसलेलं, पाण्यासारखं' समजतो, तीतही सरफॅक्टंटच असतो, फक्त थोडा आणि सौम्य जातीचा.

अडचण अशी की सरफॅक्टंटला मळ कुठला आणि आपलं स्वतःचं तेल कुठलं हे कळत नाही. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मधे जे स्निग्ध पदार्थ असतात ते तो उचलतो, तिथल्या प्रथिनांनाही चिकटतो. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे बदनाम झालेला एसएलएस, या बाबतीत खरंच उद्दाम आहे. रेणू छोटा आणि मिसेलमध्ये न अडकलेले सुटे रेणू बरेच. हे सुटेच जास्त त्रास देतात. त्वचेचे डॉक्टर आणि संशोधक जेव्हा 'खाज-जळजळ कशी होते' याचा अभ्यास करतात, तेव्हा मुद्दाम त्रास देण्यासाठी एसएलएसच वापरतात. तेव्हा रूममेटचं म्हणणं सगळं खोटं नाही. पण तो प्रयोग कसा करतात ते बघा: साधारण १ टक्क्याच्या आसपासचं द्रावण, बंद पट्टीखाली, बऱ्याचदा २४ तास. आपला शाम्पू डोक्यावर दोन मिनिटं असतो. त्यातली अर्धी मिनिटं तर आपण गाणं म्हणत असतो.

शिवाय शाम्पूत नुसता एसएलएस क्वचितच असतो. त्याच्याच रेणूत इथिलीन ऑक्साइडचे तुकडे जोडले की तो मोठा आणि निवांत होतो. हा एसएलईएस, सोडियम लॉरेथ सल्फेट. त्यात कोकामिडोप्रोपिल बेटेन नावाचा दुसरा सरफॅक्टंट मिसळला की दोघांचे मिळून मिसेल बनतात, सुटे रेणू कमी होतात आणि अख्खं मिश्रण आणखी सौम्य होतं. म्हणून मागच्या यादीतलं एक नाव वाचून 'हार्श' म्हणणं म्हणजे फोडणीत मिरची आहे म्हणून आमटी तिखटच असणार असं न चाखता ठरवणं. मिरच्या किती, गूळ किती, आमसूल आहे का, हे कोण बघणार?

मी रूममेटची बाटली उलटी केली. पाण्यानंतर पहिलंच नाव: सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट. सल्फेट नाही, सल्फोनेट. सल्फेटमध्ये गंधक कार्बनच्या साखळीला ऑक्सिजनमधून जोडलेलं असतं, सल्फोनेटमध्ये थेट. एका ऑक्सिजनचा फरक. कायद्याने बाटली खरं बोलतेय. पण तेल काढायची या सरफॅक्टंटची ताकद चांगलीच असते, आणि तो एसएलईएसपेक्षा सौम्यच असेल असं नुसत्या नावावरून कोणी सांगू शकत नाही. मग हिच्या डोक्यावरचं तेल का निघालं नाही? बहुधा त्यात त्याचं प्रमाणच कमी असावं. कमी सरफॅक्टंट, जास्त पाणी, ६४९ रुपये. मग तीनदा धुवायचं.

यापेक्षा मजेशीर प्रकार 'नॅचरल' म्हणवणाऱ्या साबणांत दिसतो. पुढे 'एसएलएस-फ्री', मागे 'सोडियम कोको सल्फेट'. कोको म्हणजे नारळ, ऐकायला कसं कोकणात गेल्यासारखं वाटतं. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि लॉरिल हा शब्द त्याच घराण्यातला. अख्ख्या खोबरेल तेलापासून सल्फेट बनवलं तर त्यातला सगळ्यात मोठा भाग सोडियम लॉरिल सल्फेटच निघतो. एसएलएस काढून टाकला आणि नाव बदलून परत आत घेतला. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, माणूस तोच असतो ना?

ही भीती आली कुठून? १९९० च्या दशकाच्या शेवटी ईमेल नवीन होतं आणि फॉरवर्डची सवयही नवीनच लागत होती. तेव्हा 'शाम्पूतल्या एसएलएसने कॅन्सर होतो' असा एक ईमेल जगभर फिरला. एसएलएसने कॅन्सर होतो असा पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण फॉरवर्ड मेला तरी त्याचं भूत 'फ्री' होऊन बाटल्यांवर बसलं. गंमत म्हणजे, ज्या रूममेटने एसएलएसला घराबाहेर काढलं ती रोज दोनदा तो तोंडात घालते. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेसासाठी तोच असतो. ब्रश केल्याबरोबर संत्र्याचा रस प्यायला तर कडू लागतो, त्यामागचा मुख्य संशयित हाच.

आणि ज्याची खरंच चर्चा व्हायला हवी त्याबद्दल बाटली गप्प असते. एसएलईएस बनवताना १,४-डायॉक्सेन नावाचा पदार्थ थोडासा तयार होऊ शकतो. तो माणसाला कॅन्सरकारक असण्याची शक्यता धरली जाते. कारखान्यात निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढता येतो, काढला की नाही हे आपल्याला बाटलीवरून कळत नाही, कारण तो घटक नाही, अशुद्धी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या अखेरीपासून सौंदर्यप्रसाधनांत त्याची मर्यादा १० पीपीएम केली. हा मुद्दा सल्फेटपुरता नाहीच. नावात 'एथ' असलेले किंवा 'पीईजी' असलेले कितीतरी घटक याच पद्धतीने बनतात, आणि ते 'सल्फेट-फ्री' बाटल्यांतही असतात. उलट बिचाऱ्या एसएलएसला ही भानगड नाही, त्यात इथिलीन ऑक्साइड वापरतच नाहीत. म्हणजे भीती दाखवायचीच होती तर निदान योग्य दारात तरी दाखवायची.

'मग रिठा-शिकेकाई वापर ना', हे वाक्य आता कोणीतरी म्हणणारच. वापरा की. माझी आजी वापरायची. पण रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन हाही सरफॅक्टंटच. झाडाने बनवलाय एवढंच. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलेल्या कोणालाही विचारा, नैसर्गिक म्हणजे सौम्य का ते. तसंच बेटेनचं. सौम्य म्हणून जगभर गेलेल्या याच कोकामिडोप्रोपिल बेटेनला २००४ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या डॉक्टरांच्या संघटनेने 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं, मुख्यतः त्यात राहून जाणाऱ्या अशुद्धींमुळे. म्हणजे सरफॅक्टंटच्या गावात सोज्वळ असं कोणी नाही. कोणाच्या घरी किती वेळ बसायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

अर्थात, सौम्य वॉश ही फालतू गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. एक्झिमा असलेल्यांना, केस रंगवलेल्यांना, फार कोरड्या त्वचेच्या लोकांना त्याचा उपयोग होतो. आमच्या तिसऱ्या रूममेटचे केस कुरळे आहेत, तिला तेल मुळापासून टोकापर्यंत पोहोचतच नाही, तिचं सल्फेट-फ्रीवर छान चाललंय आणि तिच्या बाटलीला मी हातही लावत नाही. चेहऱ्यालाही साबणापेक्षा सौम्य फेसवॉश बरा, कारण साबणाचा पीएच ९-१० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास. माझं भांडण वेगळं आहे. रंगवलेल्या, केराटिन केलेल्या, तेल न लावणाऱ्या डोक्यांसाठीचा सल्ला आपण जसाच्या तसा उचलला आणि आठवड्याला वाटीभर खोबरेल रिचवणाऱ्या डोक्यावर लावला. खरं तर ते खोबरेलच केसांचं अर्धं संरक्षण करतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं (कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच वाचा, पण हा अभ्यास आजही इतर संशोधक आधाराला घेतात). म्हणजे रूममेटच्या आईचा हुकूम बरोबर होता. फक्त त्यानंतर लागणारा शाम्पू साधा, नीट धुणारा हवा. एकदाच, आणि तोही टाळूला चोळायचा. टोकं फेसाच्या ओघळातच धुतली जातात.

आता मावशींकडे येते.

मावशी पाच घरं आणि आमचं पीजी करतात. भांडी, फरशी, दोन ठिकाणी कपडेही. दिवसातले चार-पाच तास त्यांचे हात ओले असतात आणि ते पाणी साधं नसतं. भांड्यांच्या वडीत आणि पावडरीत जो सरफॅक्टंट असतो, तो शाम्पूतल्यापेक्षा आडदांड: लिनियर अल्काइल बेंझिन सल्फोनेट. त्याच्या आम्लाला बाजारात 'ॲसिड स्लरी' म्हणतात. बचत गटात लिक्विड बनवणाऱ्या काकूंना हे नाव पाठ असतं. वडीत वर सोडा असतो, म्हणजे पीएच चढा. सोबत तारेची घासणी. आधी सरफॅक्टंट त्वचेतली स्निग्धता काढणार, मग तार कातडी खरवडणार, मग परत पाणी. रात्री जे थोडंफार भरून येतं ते सकाळी सात वाजता पहिल्या घरी उघडं पडतं.

याला डॉक्टर 'इरिटंट कॉन्टॅक्ट डर्मटायटिस' म्हणतात. ही ॲलर्जी नाही. पुरेशा वेळा, पुरेसा वेळ संपर्क आला की कोणालाही होऊ शकतो, तुम्हाला आणि मलाही. पार्लरमध्ये दिवसभर बेसिनपाशी लोकांची डोकी धुणाऱ्या हेल्पर मुली, हॉटेलात भांड्यांवर असलेली पोरं, नर्सेस, हे सगळे याच रांगेत. जर्मनीतल्या कामगार-सुरक्षा नियमांत दिवसाला दोन तासांहून जास्त ओले हात म्हणजे 'ओलं काम' असा वेगळा प्रकार मानला आहे आणि अशा कामात हातांची काळजी घेणं मालकावर येतं. आपल्याकडे पाच घरांत विभागलेल्या कामाचा मालक कोण? पाचही घरं म्हणणार, 'आमच्याकडे तर फक्त पाऊण तास.'

म्हणून ते 'सल्फेट-फ्री' मला आता टोचतं. सरफॅक्टंटचं सगळं गणित प्रमाण आणि वेळ यांचं आहे, आणि त्या गणितात दोन मिनिटांच्या फेसाला घाबरणारे आपण सगळ्यात खाली येतो. घाबरायचे पैसे मात्र आपल्याकडे आहेत, म्हणून सौम्यपणावरचं संशोधन, पॅकिंग, जाहिराती, सगळं आपल्या डोक्यासाठी. ज्या हातांना सौम्य सरफॅक्टंटची खरी गरज आहे त्यांच्यापुढे आपण सर्वांत स्वस्त वडी ठेवतो आणि वर विचारतो, 'कढईचं तेल नीट गेलं का?'

माहितीचंही तसंच. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणून तर मला रूममेटच्या बाटलीची चिरफाड करता आली. पण ६० मिलीपेक्षा लहान द्रव पॅकला ही यादी बंधनकारक नाही. मावशी शाम्पूची पुडी घेतात, एक-दोन रुपयांची. आणि भांड्यांचा साबण हे सौंदर्यप्रसाधनच नाही, त्यामुळे हे नियम त्याला लागूच नाहीत. मागची बाजू वाचा, असं मी कॉलेजात सगळ्यांना शहाणपणाने सांगत असते. मावशींच्या हातात जे येतं त्याला बऱ्याचदा मागची बाजूच नसते. आमच्या पीजीत तर भांड्यांचं लिक्विड पाच लिटरच्या कॅनमधून सुटं येतं. मी दुकानदाराला विचारलं, यात काय काय आहे? तो म्हणाला, "स्लरी, कॉस्टिक, मीठ, हिरवा रंग. आणि लिंबाचा वास. अजून काय असणार?" मीठ घट्टपणासाठी. एक कबूल करते, बारा बाटल्यांपेक्षा हे उत्तर प्रामाणिक होतं.

मावशींच्या प्रश्नाला मी आठवड्याने उत्तर दिलं. नाही मावशी, ही बाटली तुमच्या हातांना नाही चालणार, तेलकट कढईपुढे ती हरेल आणि तुम्ही तिप्पट ओताल. त्याऐवजी आम्ही तिघींनी वर्गणी काढली. आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे दोन जोड, एक वाळेपर्यंत दुसरा. पेट्रोलियम जेलीची मोठी डबी, कामाच्या आधी नव्हे, काम संपल्यावर आणि रात्री जाड थर लावायला. लिक्विड एका बाटलीत पाणी घालून पातळ केलं, कारण कॅनमधून थेट घासणीवर ओतलं की गरजेच्या कितीतरी पट जातं. तारेच्या घासणीऐवजी स्पंज आणला, आणि कढई रात्रीच गरम पाण्यात भिजत घालायचं आम्ही कबूल केलं. सगळे मिळून ६४९ पेक्षा कमी लागले.

तीन आठवडे झालेत. मोजे मावशी आमच्याकडे घालतात, बाकीच्या घरी नाही. "तिथं घातले तर म्हणतील, लाडावली." आमच्याकडेही काचेचे ग्लास धुताना काढतातच, निसटतात म्हणून. स्पंज त्यांना मुळीच आवडलेला नाही. पेरांवरच्या चिरा थोड्या मिटल्यात, अंगठा तसाच आहे. त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे घेऊन जायचं ठरलंय, पण ओपीडी सकाळची असते आणि सकाळी त्यांची तीन घरं असतात. एक दिवस त्यांची आमच्याकडची भांडी आम्ही घासायची आणि बाकीच्या दोन घरांना रूममेटने फोन करायचा, असं काल रात्री ठरलं. कढईवरून आमच्यात अजून वाद चालू आहे.